अठरा महिन्यांनी लागणारे पैसे बाजारात ठेवू नका

वाचकाचं पत्र:

मी ४७ वर्षांची, नोकरी करते. यांचा स्वतःचा व्यवसाय आहे, त्यात कधी बरकत असते, कधी ओढाताण. गेली आठ वर्षं दरमहा हप्त्याने शेअर बाजारातल्या म्युच्युअल फंडांत पैसे टाकतेय. घरातली जवळजवळ सगळी बचत तिथेच आहे. शिवाय ऐकून-वाचून तीन कंपन्यांचे शेअर घेतले. त्यातला एक घेतल्या भावाच्या ६० टक्के खाली आहे. गेल्या काही महिन्यांत एकूण रकमेचा पाचवा हिस्सा उडाला. मुलीच्या उच्च शिक्षणाला अठरा महिन्यांनी पैसे लागतील, तेही यातच आहेत. हे म्हणतात, सगळं काढ आणि बँकेत टाक. भाऊ म्हणतो, अशी संधी पुन्हा येत नाही, कर्ज काढून आणखी घे. मी रात्री तीनला उठून मोबाइलवर आकडे बघते. हप्ते थांबवू का? सगळं विकू का? बाजार शेवटी वरच जातो म्हणतात, ते खरं आहे का?

प्रिय ताई,

तुमचं पत्र वाचताना मी ‘अठरा महिने’ या शब्दांपाशी थांबले. बाकीच्या प्रश्नांना सवड आहे, याला नाही. म्हणून आधी तेच बोलू.

तुमचे पती आणि तुमचा भाऊ, दोघांच्याही मनात तुमची बचत म्हणजे एकच रक्कम आहे. एकाला ती सगळी उचलायची आहे, दुसऱ्याला तिच्यात आणखी भर घालायची आहे. पण त्या एका खात्यात वेगवेगळ्या तारखांचे पैसे एकत्र पडलेत. मुलीच्या शिक्षणाचे पैसे अठरा महिन्यांनी लागणार. म्हातारपणासाठीचे अजून बारा-पंधरा वर्षं लागणार नाहीत. आणि उद्या कुणी आजारी पडलं किंवा व्यवसायात दोन महिने पैसेच आले नाहीत, तर त्यासाठीचे पैसे कधीही लागू शकतात. ते तर तुम्ही वेगळे काढलेलेच नाहीत. बाजार वर जाईल की खाली, हे तुम्हाला, मला किंवा भावाला सांगता येणार नाही. पैसे कधी लागणार, हे मात्र तुम्हाला ठाऊक आहे. निर्णय त्या माहितीवर घ्या.

मुलीच्या शिक्षणाचे पैसे बाजारातून काढा. तोट्यात असले तरी काढा.

हे लिहिताना मला कल्पना आहे की हा सल्ला कडू लागेल. आत्ता विकलं तर तोटा पक्का होतो, थांबलं तर तो कागदावरच राहतो, असं आपल्याला वाटतं. थोडं थांबू, पहिला आकडा परत आला की काढू, असं मनात येतं. पण तो आकडा तुमच्या लक्षात आहे, बाजाराला त्याच्याशी काही देणंघेणं नाही. पडझड झाल्यावर किती दिवसांत भाव परत येतात, याचं एकच उत्तर इतिहासात सापडत नाही. अमेरिकेतल्या ५०० मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक (त्यांच्या शेअरभावांचा एकत्रित आकडा), एस अँड पी ५००, फेब्रुवारी ते मार्च २०२० मध्ये ३४ टक्के कोसळला आणि त्याच ऑगस्टमध्ये पूर्वीच्या शिखराच्या वर गेला. तोच निर्देशांक ऑक्टोबर २००७ पासून मार्च २००९ पर्यंत ५७ टक्के घसरला होता. तेव्हा जुनं शिखर गाठायला मार्च २०१३ उजाडला. एकदा सहा महिने, एकदा साडेपाच वर्षं. पडझडीच्या मधोमध उभं असताना ही यातली कुठल्या जातीची आहे, ते कुणालाच सांगता आलं नव्हतं. तुमच्या हातात अठरा महिने आहेत आणि प्रवेशाची तारीख पुढे ढकलता येत नाही.

हिशेबही आपल्या बाजूने नाही. १०० चे ८० झाले की पुन्हा १०० व्हायला २० टक्के वाढ पुरत नाही, २५ टक्के लागते. इथून आणखी घसरण होऊन ५० झाले, तर १०० टक्के लागते. म्हणजे अठरा महिन्यांत बाजार थोडा सावरला, तरी तुमचा आकडा परत येईलच असं नाही. न सावरता आणखी घसरला, तर मुलीला कोर्स बदलायला सांगावं लागेल. आत राहून पैसे घालवणं आणि बाहेर पडून संधी हुकणं, या दोन शक्यतांचं वजन सारखं नाही. बाजार वर गेला आणि तुम्ही बाहेर होतात, तर चार पैसे कमी मिळाले म्हणून हळहळ वाटेल. ती सोसता येते.

हे कसं करायचं ते सांगते. मुलीच्या शिक्षणाचा वर्षवार खर्च कागदावर मांडा. पहिल्या वर्षाची फी आणि राहण्याचा खर्च, मग दुसरं वर्ष, मग तिसरं. पहिल्या वर्षाची संपूर्ण रक्कम लगेच काढून मुदत ठेवीत किंवा तितक्याच सुरक्षित, कमी मुदतीच्या साधनात टाका. ठेवीची मुदत फी भरायच्या आधी संपेल अशी निवडा. पुढच्या वर्षांची रक्कम एका दिवसात काढायला मन तयार होत नसेल, तर तिचे तीन भाग करा आणि येत्या काही महिन्यांतल्या तीन तारखा आत्ताच ठरवून टाका. तारखा ठरवायच्या, भाव नाही. ‘इतका निर्देशांक झाला की काढीन’ असं ठरवलंत, तर तो तिथे पोचला नाही तर तुम्ही अडकाल. आणि पोचला तर ‘अजून थोडं वर जाऊ दे’ म्हणाल. ही दुसरी शक्यता मी जास्त वेळा पाहिली आहे.

काढलेली रक्कम कमी पडते आहे असं दिसलं, तर तो खड्डा बाजाराकडून भरून घ्यायची आशा धरू नका. शेवटच्या वर्षाची फी पगारातून जमवता येईल का, शिक्षणासाठीचं कर्ज किती मिळेल, हे बघायला आता अठरा महिने आहेत. हाच शोध फी भरायच्या आदल्या महिन्यात सुरू केलात, तर पदरात पडेल ते घ्यावं लागतं.

आता अडीअडचणीचे पैसे. तुमच्या पत्रात त्यांचा उल्लेखच नाही, आणि मला त्याचीच सगळ्यात जास्त काळजी वाटली. यजमानांचं उत्पन्न कमी-जास्त होतं, म्हणजे तुमच्या घराला सहा महिन्यांच्या खर्चाची शिल्लक पुरणार नाही. आठ-नऊ महिन्यांची धरा. बाजार कोसळतो तेव्हा बऱ्याचदा नोकऱ्या आणि धंदेही त्याच सुमारास डळमळतात. २००८-०९ मध्ये तसं झालं, २०२० मध्येही झालं. वेगळी शिल्लक नसलेली माणसं तेव्हा पडत्या भावात विकून मोकळी झाली. हे घाबरटपणाने झालं असं नाही. घरभाडं आणि औषधं थांबत नव्हती, म्हणून झालं. आठ वर्षं शिस्तीने साठवलेलं एका वाईट तिमाहीत असं निघून जाऊ द्यायचं नसेल, तर ही शिल्लक हवी.

ती कुठून उभी करायची? इथे तुमचा हप्त्याचा प्रश्न येतो. हप्ते बंद करू नका, पण काही काळ त्यांची विभागणी करा. ही शिल्लक तयार होईपर्यंत निम्मा हप्ता बचत खात्यात किंवा ठेवीत जाऊ दे, निम्मा फंडांत चालू राहू दे. शिल्लक भरली की पूर्ण हप्ता पुन्हा फंडांत.

पडत्या बाजारात हप्ते का चालू ठेवायचे, ते एका साध्या हिशेबावरून बघा. समजा, दर महिन्याला तुम्ही १,००० टाकता. फंडाच्या एका युनिटचा, म्हणजे एका हिश्श्याचा भाव पहिल्या महिन्यात १००, मग ८०, मग ५०, पुन्हा ८० आणि पाचव्या महिन्यात पुन्हा १००. भाव जिथून निघाला तिथेच परत आला. तुमच्याकडे युनिट किती झाले? १०, साडेबारा, २०, साडेबारा आणि १०, मिळून ६५. टाकलेले ५,०००, आणि १०० च्या भावाने त्यांची किंमत ६,५००. भाव जागच्या जागी राहूनही तुमचे पैसे वाढले, कारण सगळ्यात वाईट महिन्यात तेवढ्याच पैशांत सगळ्यात जास्त युनिट आले. खऱ्या बाजारात भाव इतक्या झटपट परत येत नाहीत, आणि हा हिशेब भाव परत येतो या अटीवरच उभा आहे. पण ज्याला अजून बारा वर्षं खरेदीच करायची आहे, त्याला आजचा पडलेला भाव वैरी नाही. उद्याच विकायचं असेल त्यालाच तो मारतो. म्हणूनच मुलीच्या पैशांना आणि तुमच्या म्हातारपणाच्या पैशांना मी एकच नियम लावत नाहीये.

तर म्हातारपणासाठीचे पैसे विकू नका. यजमानांना हे पटवताना त्यांना पुढची तारीखवार हकीकत सांगा. १२ मार्च २०२० ला एस अँड पी ५०० साडेनऊ टक्के पडला. दुसऱ्या दिवशी ९.३ टक्के वर आला. १६ मार्चला १२ टक्के पडला. २४ मार्चला ९.४ टक्के वर. २००८ च्या ऑक्टोबरमध्ये, त्या भीषण महिन्यात, त्याच निर्देशांकाने एका दिवसात ११ टक्क्यांहून जास्त उडी घेतली होती. एप्रिल २०२५ मध्ये आयात शुल्काच्या घोषणेनंतर दोन दिवसांत तो दहा टक्क्यांहून जास्त घसरला आणि ९ तारखेला एकाच दिवसात साडेनऊ टक्के वधारला. सगळ्यात चांगले दिवस सगळ्यात वाईट दिवसांना असे खेटून येतात. वाईट चुकवायला बाहेर पडलेला माणूस चांगल्याच्या वेळीही बाहेरच असतो. सगळं विकायचं ठरवलं तर दोन निर्णय अचूक लागावे लागतात, बाहेर कधी पडायचं आणि आत कधी यायचं. पहिला भीतीच्या जोरावर सहज होतो. दुसऱ्यासाठी बातम्या वाईट असताना, आपण विकलं तेव्हापेक्षा कदाचित चढ्या भावाने, पुन्हा पैसे घालावे लागतात. ते बहुतेकांच्या हातून होत नाही आणि पैसे वर्षानुवर्षं बँकेतच पडून राहतात.

‘बाजार शेवटी वरच जातो’ हे तुम्ही ऐकलेलं वाक्य मात्र मी जसंच्या तसं मान्य करणार नाही. जपानचा निक्केई निर्देशांक २९ डिसेंबर १९८९ ला ३८,९१५ वर बंद झाला. तो आकडा त्याने पुन्हा ओलांडला २२ फेब्रुवारी २०२४ ला. मध्ये चौतीस वर्षं गेली. वयाच्या पन्नाशीला तिथे आयुष्याची पुंजी एकरकमी लावलेला माणूस तोवर चौऱ्याऐंशीचा झाला असेल. अमेरिकेचा डाऊ जोन्स निर्देशांक सप्टेंबर १९२९ मध्ये ३८१ वर होता, जुलै १९३२ मध्ये ४१ वर आला आणि जुन्या शिखरावर पोचायला त्याला नोव्हेंबर १९५४ लागला. या आकड्यांत लाभांश, म्हणजे कंपन्या नफ्यातून भागधारकांना वाटतात ते पैसे, धरलेला नाही, तो धरला तर वाट कमी होते, हे खरं. दर महिन्याला थोडं थोडं घेणाऱ्याची अवस्था शिखरावर एकदम सगळं घालणाऱ्याइतकी बिकट नसते, हेही खरं. तरी यातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. सगळे पैसे एकाच देशाच्या बाजारात नसावेत. आणि सगळे पैसे शेअर बाजारात तर नसावेतच, मग मुदत कितीही लांब असो.

तुमचे फंड एकदा उघडून बघा. चार वेगवेगळे फंड असले तरी त्या चारांतही त्याच वीस-पंचवीस कंपन्या असतात, असं पुष्कळदा दिसतं. तसं असेल तर नावं चार आणि गुंतवणूक एकच. कमी खर्चाचे एक-दोन व्यापक निर्देशांक फंड, म्हणजे निर्देशांकातल्याच कंपन्या त्याच प्रमाणात घेणारे फंड, त्यापेक्षा सोपे पडतात आणि त्यांच्यावर नजर ठेवणंही सोपं जातं.

तीन शेअरांबद्दल जरा वेगळं बोलायला हवं, कारण फंडांबद्दल मी जे म्हटलं ते त्यांना लागू होत नाही. निर्देशांक पडून पुन्हा उठतो, त्यामागे एक यंत्रणा असते. मागे पडलेल्या कंपन्या त्यातून काढल्या जातात, नव्या वाढत्या कंपन्या आत येतात. एकट्या कंपनीला अशी सोय नाही. एन्रॉन ही अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या कंपन्यांपैकी एक होती, २००१ च्या डिसेंबरमध्ये ती दिवाळखोरीत गेली. लेहमन ब्रदर्स दीडशे वर्षांहून जुनी होती, १५ सप्टेंबर २००८ ला तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. या शेअरांची वाट बघत थांबलेल्यांच्या हाती काही आलं नाही.

६० टक्के पडलेला शेअर मूळ भावाला यायला १५० टक्के वाढावा लागतो. ‘आणखी घेऊन ॲव्हरेज कर’ असं कुणी सांगेल. फंडाच्या हप्त्यात जे चालतं तेच इथे चालेल असं समजू नका. ॲव्हरेज केल्याने कागदावरचा खरेदी भाव खाली येतो, कंपनी सुधारत नाही, आणि बुडत्या कंपनीत तुमचे आणखी पैसे जातात. स्वतःला एक प्रश्न विचारा. आज या शेअरची जी किंमत आहे तेवढी रोकड माझ्या हातात असती, तर आज मी हाच शेअर घेतला असता का? कंपनीवर कर्ज किती आहे, नफा होतोय की नाही, धंदा कशामुळे घसरला, हे वाचून उत्तर ‘हो’ आलं तर ठेवा. ‘नाही’ आलं, किंवा कंपनी नेमकं काय करते हेच नीट सांगता येत नसेल, तर विका आणि ते पैसे मुलीच्या ठेवीत घाला. बाकीच्या दोन शेअरांनाही हाच प्रश्न विचारा, ते फायद्यात असले तरी.

भावाच्या सल्ल्याला माझं उत्तर साफ नाही असं आहे. त्याचा हेतू चांगला असेल, भाव स्वस्त आहेत हे त्याचं म्हणणंही कदाचित बरोबर ठरेल. तरीही नाही. तुमचे १०० आणि कर्जाचे १००, असे २०० लावले आणि बाजार ३० टक्के पडला, तर हाती १४० उरतात. कर्जाचे १०० तसेच आहेत, म्हणजे तुमचे स्वतःचे ४० राहिले. बाजार ३० टक्के पडला, तुम्ही ६० टक्के पडलात, आणि व्याज वेगळं. शेअर तारण ठेवून कर्ज घेतलं असेल तर सावकार इथे थांबतही नाही. तारणाची किंमत घटली की तो आणखी पैसे मागतो, ते दिले नाहीत तर तुमचे शेअर पडत्या भावात विकतो. १९२९ च्या कोसळण्यात हेच झालं. थोडी रक्कम स्वतःची आणि उरलेली दलालाकडून उसनी घेऊन शेअर घेतलेल्यांना वाट बघण्याची मुभाच राहिली नाही, आणि त्यांच्या सक्तीच्या विक्रीने बाजार आणखी घसरला. छोट्या गुंतवणूकदाराचं एकच मोठं बळ असतं, त्याला थांबता येतं. कर्ज घेतलं की ते बळ सावकाराकडे जातं.

आणि रात्री तीन वाजता जागं होणं. ते मी बाजूला सारणार नाही, कारण या सगळ्यात तुमची तब्येत पणाला लागली आहे.

डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलं की तेवढ्याच रकमेचा फायदा जितका सुखावतो, त्यापेक्षा तेवढाच तोटा जास्त दुखावतो. पुढच्या मोजमापांत हे प्रमाण साधारण दुपटीच्या आसपास निघालं. काहनेमन यांना २००२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आता हे तुमच्या मोबाइलला लावून बघा. अमेरिकेच्या बाजाराचा लांबचा इतिहास पाहिला तर निम्म्याहून थोडे जास्त दिवस तेजीचे असतात, वर्षं मात्र चारपैकी साधारण तीन. म्हणजे रोज बघणाऱ्याला जवळजवळ दर दुसऱ्या दिवशी लाल आकडा दिसतो आणि तो दुप्पट टोचतो. वर्षातून एकदा बघणाऱ्याला त्याच गुंतवणुकीत चार वर्षांतून एकदा लाल दिसतो. श्लोमो बेनार्ट्झी आणि रिचर्ड थेलर यांनी १९९५ मध्ये नेमकी हीच गोष्ट दाखवली होती. हिशेब जितका वरचेवर तपासाल, तितकी तीच गुंतवणूक जास्त धोक्याची वाटते. गुंतवणुकीत काडीचाही बदल झालेला नसतो.

वरचेवर बघण्याने हातही शिवशिवतात. ब्रॅड बार्बर आणि टेरन्स ओडिन यांनी अमेरिकेतल्या ६६,४६५ कुटुंबांची १९९१ ते १९९६ मधली खाती तपासली. सगळ्यात जास्त खरेदी-विक्री करणाऱ्यांना वर्षाला ११.४ टक्के परतावा मिळाला, बाजाराचा होता १७.९ टक्के. वर्षं चांगली होती, तरी सतत हात घातल्याने एवढं गेलं.

म्हणून ॲप फोनवरून काढून टाका. हप्ते त्याच्याशिवायही जातात. वर्षातले दोन दिवस ठरवा, बाजाराशी संबंध नसलेले, आणि त्या दिवशी यजमानांसोबत बसून हिशेब बघा. मुलीचे पैसे ठेवीत गेल्यावर तुमची निम्मी झोप परत येईल असं मला मनापासून वाटतं, कारण रात्री जागं करणारी भीती खोटी नव्हती. खरोखरच चुकीच्या जागी पडलेल्या पैशांची ती भीती होती.

त्यानंतरही झोप लागली नाही, तर शेअरांचं प्रमाण तुमच्या प्रकृतीला जास्त आहे असं समजा आणि ते कमी करा. प्रमाण ठरवताना मिळणाऱ्या परताव्यापेक्षा सोसता येणाऱ्या तोट्याचा आधार घ्या. शेअर बाजार एखाद्या वाईट काळात निम्म्यावर येऊ शकतो असं धरूनच चाला, २००८ मध्ये तो आलाच होता. सगळी पुंजी शेअरांत असेल तर पुंजी निम्मी होईल. शेअरांत ६० टक्के असतील तर एकूण पुंजी ३० टक्के घटेल, ४० टक्के असतील तर २० टक्के. यातला कुठला आकडा बघूनही तुम्ही दुसऱ्या दिवशी कामावर जाल आणि काही विकणार नाही, ते दोघांनी मिळून ठरवा. आज २० टक्क्यांच्या घसरणीने तुमची ही अवस्था झाली आहे, तेव्हा उत्तर बरंच स्पष्ट आहे. ‘मला जास्त धोका चालतो’ असं तेजीत सगळेच म्हणतात. तुम्हाला खरी माहिती आता मिळाली आहे, ती वापरा.

उरलेलं काय रोख्यांत (म्हणजे सरकारला किंवा कंपन्यांना व्याजाने दिलेल्या कर्जात), काय ठेवींत, याबद्दल एक सावधगिरी. शेअर पडले की रोखे सावरतात, असं सर्रास सांगितलं जातं आणि बरेचदा तसं होतंही. पण २०२२ मध्ये व्याजदर झपाट्याने वाढले आणि अमेरिकेत शेअर सुमारे १८ टक्के, तर रोख्यांचा मुख्य निर्देशांक सुमारे १३ टक्के एकाच वर्षी घसरला. व्याजदर वाढले की जुन्या रोख्यांची किंमत उतरते, आणि मुदत जितकी लांब तितकी जास्त उतरते. त्यामुळे तीन-चार वर्षांत लागणारे पैसे लांब मुदतीच्या रोखे फंडांत घालू नका. कमी मुदत, साधी ठेव, बस्स.

प्रमाण ठरलं की वर्षातून एकदा ते जागेवर आणा. शेअर वाढून ठरल्यापेक्षा जास्त झाले असतील तर थोडे विकून ठेवीत घाला, घटले असतील तर उलट करा. यात चढ्या भावाला विक्री आणि पडत्या भावाला खरेदी आपोआप होते, आणि त्यासाठी बातम्या बघाव्या लागत नाहीत. काढताना फंडाचं निर्गमन शुल्क (पैसे काढल्याबद्दल फंड कापतो ती रक्कम) आणि कर किती बसतो ते आधी विचारून घ्या. कधी कधी दोन-चार आठवडे थांबल्याने कर कमी होतो, पण निव्वळ कर वाचवायला मुलीचे पैसे अडकवू नका. सल्लागाराकडे जायचं असेल तर तुमच्याकडून ठरलेली फी घेणारा निवडा. तुमच्या प्रत्येक खरेदीवर ज्याला कमिशन मिळतं, त्याचं मत ऐका, पण त्यावर लगेच सही करू नका.

शेवटी यजमानांविषयी. पत्रात असं वाटतं की घरात दोन पक्ष पडलेत. तसं होऊ देऊ नका. मुलीच्या पैशांबाबत ते पूर्ण बरोबर आहेत, हे त्यांना आधी सांगा. मग लांबच्या पैशांबाबत तुमचं म्हणणं ते ऐकतील. या रविवारी दोघं बसा, मुलीलाही बोलवा, ती आता लहान नाही आणि तिच्याच फीचा विषय आहे. एका कागदावर लिहा: कुठल्या वर्षी किती लागणार, शेअरांत किती टक्के ठेवायचे, हिशेब कुठल्या दोन दिवशी बघायचा, आणि मध्ये काही विकायची इच्छा झाली तर दोघांच्या संमतीशिवाय आणि किमान एक आठवडा थांबल्याशिवाय विकायचं नाही. खाली दोघांच्या सह्या करा. पुढची पडझड येईलच. तेव्हा भाऊ, शेजारी, वाहिन्या सगळे पुन्हा बोलतील, आणि तुमच्या हातात तुमच्या दोघांचं शांतपणे ठरलेलं काहीतरी असेल.

हे झालं की मला तीन गोष्टी कळवा: मुलीच्या खर्चाचा वर्षवार आकडा, ठेवीत टाकल्यावर उरलेली रक्कम, आणि यजमानांच्या गेल्या तीन वर्षांतल्या सगळ्यात वाईट वर्षाचं उत्पन्न. त्यावरून तुमच्या म्हातारपणाच्या पैशांची वाटणी कशी असावी ते सविस्तर लिहीन.

तुमची,
सदर लेखिका